सगळ्यांना घेऊन सोलापूरला

तुझ्या सासऱ्यांना एकदा सोलापूर बघायचंय, आणि तुझा नवरा म्हणतो, तिथे बघायला आहे काय, बंद पडलेल्या गिरण्या? त्यापेक्षा सगळे मिळून महाबळेश्वरला जाऊ. तू हे सांगून मोकळी झालीस, पण मला काही राहवेना. हे बघ, महाबळेश्वर कुठे पळून जात नाही. ७६ वर्षांच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं एक गोष्ट मागितली आहे, ती आधी कर. सासू-सासरे, आपली आई, तुझी नववीतली लेक, सहा वर्षांचा धाकटा, एवढ्यांना घेऊन यायचं म्हणून घाबरू नकोस. शनिवार-रविवार पुरतो. फक्त आखणी जरा वेगळी करावी लागते, आणि ती मी तुला सांगते. माझा अर्धा संसार या गावात झाला. इथलं ऊन, इथली माणसं, इथले रिक्षावाले, सगळं अंगवळणी पडलंय.

आधी मनातून एक काढून टाक. महाबळेश्वरला जसे पॉइंट असतात, एक झाला की दुसरा, तसं इथे काही नाही. इथे जे सगळ्यात मोठं होतं ते बंद पडलंय, आणि ते काय होतं हे सांगू शकणारा माणूस तुमच्याच घरात बसलाय. १८६० मध्ये इथे रेल्वे आली. हातमागावरचे विणकर गावात होतेच, कापूस आसपासच्या मुलखातून यायचा, आणि आता मुंबईपर्यंत माल न्यायला रूळही झाले. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिलाच पुढे सगळे 'जुनी मिल' म्हणायला लागले. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या होत गेल्या. गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. पाळीवर जाणाऱ्याचा डबा, पोरांची शाळा, चुलीवर भात कधी चढवायचा, सगळं भोंग्यावर. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद झाली. आज जुनी मिल म्हटलं की रिक्षावाला बरोबर त्या भागात नेऊन सोडतो, पण ज्या गिरणीवरून ते नाव पडलं ती कधी चालू होती हे त्या रिक्षावाल्यानंसुद्धा फक्त ऐकलेलं असतं.

आता जे सांगते ते मनात ठेव, कारण सगळ्या सहलीत मला याचीच जास्त काळजी वाटते. तुझ्या सासऱ्यांचे वडील लक्ष्मी-विष्णूत होते, आणि थोरले भाऊही तिथेच लागले. वडील मानानं निवृत्त झाले. भाऊ मात्र गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशीला आले होते. दुसरं काही शिकायचं वय नव्हतं आणि घरी बसायचंही नव्हतं. तुझे सासरे तेव्हा पिंपरीत नोकरीत स्थिरावलेले. भावाला आपण पुरेसं सांभाळलं का, हा काटा त्यांच्या मनात अजून आहे. मला हे तुझ्या सासूबाईंनी सांगितलं, तुझ्या लग्नानंतर कधीतरी, ओट्याशी उभ्या असताना. ते स्वतः कधी बोलले नाहीत, आणि म्हणूनच त्यांना आता इथे यायचं असेल असं मला वाटतं.

तेव्हा पोरांना आधीच सांगून ठेव. 'आजोबा, गिरणी बंद का पडली?' हा प्रश्न गाडीतून उतरल्या उतरल्या टाकायचा नाही. तो विषय त्यांनी काढला तर काढू दे. विचारायचंच असेल तर लहान लहान गोष्टी विचारा. पहाटेच्या पाळीला पणजोबा किती वाजता निघायचे? डब्यात काय असायचं? चाळीत नळाला पाणी कधी यायचं, भांडणं कशावरून व्हायची? पगाराच्या दिवशी घरात काय यायचं? माणूस अशा प्रश्नांना भरभरून उत्तर देतो, आणि बोलता बोलता जिथे जायचं तिथे आपोआप जातो. तुझी लेक सारखी मोबाइलवर चित्रीकरण करते ना, तिलाही सांग. पडक्या भिंतीसमोर उभं राहून गाण्यावर नाचायचं नाही. आजोबांना विचारून, त्यांच्या आवाजात दोन गोष्टी टिपल्यास तर तुझ्या पोरांनासुद्धा त्या ऐकता येतील, असं सांगितलंस तर ती समजेल. हुशार आहे पोरगी.

आणि सासऱ्यांच्या आठवणींच्या भरात सासूबाई बाजूला पडू देऊ नकोस. त्या लग्न होऊन सासऱ्यांच्या इथल्या चाळीतच आल्या होत्या, पुण्याला बिऱ्हाड हलेपर्यंत काही वर्षं इथेच राहिल्या. शेजारच्या तेलुगू बायकांबरोबर विड्या वळायला बसायच्या, हे तुला तरी माहीत होतं का? सोलापुरात विडी कामगार बायकांची संख्या फार मोठी. गिरणीचा पगार लांबला की घर त्या विड्यांवर चालायचं. सासूबाईंना हे कुणी विचारलंच नाही कधी. तू विचार. त्या आणि आपली आई अशा दोघी एकत्र बसल्या असताना विचार, म्हणजे दोघी विहिणींचं जमेल.

उतरायचं कुठे? तू म्हणशील, ताई आहे की. नाही, माझ्याकडे फक्त आईला ठेवा. मला तुम्ही जड झालात म्हणून नव्हे गं. माझ्याकडे उतरलात की तुझ्या सासूबाई दोन दिवस सुनेच्या माहेरच्या माणसांत अवघडून बसतील, अंघोळीला कधी जाऊ, चहा मागू की नको. आणि तू? तू सकाळी उठून माझ्या ओट्याशी उभी राहशील. मला ते नकोय. स्टेशनपासून सात रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात बऱ्यापैकी हॉटेलं आहेत. फोन करूनच ठरव, आणि तीन गोष्टी तोंडी विचार: लिफ्ट चालू आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि पाणी चोवीस तास असतं का. सोलापूरला पाण्याचा प्रश्न जुना आहे; घरांना रोज पाणी येतंच असं नाही, त्यामुळे हॉटेलवाल्यानं टाकीची काय सोय केलीय हे विचारायला लाजायचं नाही. दोन खोल्या शेजारी-शेजारी घे. धाकट्याला आजी-आजोबांच्या खोलीत झोपव. गोष्टी रात्रीच निघतात.

महिना हिवाळ्यातलाच धर. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चमध्ये इथे ऊन चढायला लागतं आणि मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. त्यात म्हाताऱ्या माणसांना आणणं म्हणजे त्यांना आजारी पाडणं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. उंच नंदीध्वजांची मिरवणूक बघण्यासारखीच, पण मुख्य दिवसांत इतकी गर्दी असते की सासूबाईंच्या गुडघ्यांना ती झेपणार नाही, आणि खोल्याही मिळत नाहीत. ते दिवस उलटल्यावर होम मैदानावर जत्रा काही दिवस रेंगाळते. पाळणे, खेळणी, भजी. धाकट्यासाठी तेवढी पुरे. तेव्हा मला विचारशील तर जानेवारीचा शेवटचा आठवडा. हुरडाही तेव्हा सापडतो. रात्री गारठा असतो, आजोबांची कानटोपी विसरू नकोस.

यायचं रेल्वेनं. गाडीनं अडीचशे किलोमीटर होतात, रस्ता चांगला आहे, पण तितका वेळ पाय दुमडून बसलं की सासूबाईंचा शनिवार वाया गेलाच म्हणून समज. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि चार तासांत पोचवते. शुक्रवारी संध्याकाळी निघा, डबा बरोबर घ्या, रात्री येऊन झोपा. मुंबईहून येणाऱ्यांना मी नेहमी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सांगते, सकाळी सोलापुरात. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, ती मुंबईहून येताना मात्र रात्री उशिरा पोचते. हुतात्मा पकडलीत तर एक सांगते. भिगवण येईपर्यंत अंधार पडलेला असेल, उजनीचं पाणी दिसणार नाही. पण कुर्डुवाडीला सासरे खिडकीशी सरकतील बघ. तिथे बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी मिळायची, अरुंद रुळांची. आता तिथेही मोठे रूळ झाले. त्यांनी तिची गोष्ट काढली की धाकट्याला उठव, झोपला असला तरी.

पुण्यात ज्याला म्हणून सांगशील की सोलापूरला चाललोय, तो म्हणेल, मग तुळजापूर करा. अक्कलकोट तर जवळच. इतकं आलात तर पंढरपूरही होऊन जाईल. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आसपास, पंढरपूर सत्तरीच्या पुढे, आणि दिशा तिन्ही वेगळ्या. हे तिन्ही करणारे लोक मी दरवर्षी बघते. रविवारी रात्री स्टेशनवर बाकड्यावर आडवे झालेले असतात, आणि सोलापूर कसं होतं विचारलं तर हॉटेलचं नाव सांगतात. सासूबाई स्वामींच्या भक्त आहेत, त्यांचं मन अक्कलकोटला ओढ घेणार हे मी धरूनच चाललेय. त्यांना एवढं एकच द्यायचं. रविवारी पहाटे त्या, आई आणि तुझा नवरा असे तिघंच गाडी करून जाऊन येतील. बाकीच्यांनी गावात राहायचं. सगळ्यांनी सगळीकडे गेलंच पाहिजे हा हट्ट सोडलास की निम्मी भांडणं होतच नाहीत.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वर. सातच्या आत पोचायचं, फरशी तापायच्या आधी. तळ्याच्या मधोमध देऊळ आहे, भोवती पाणी, आणि सकाळी तिथे गावातली म्हातारी माणसं फिरायला आलेली असतात; तुझ्या सासऱ्यांच्या वयाची, कदाचित ओळखीचीसुद्धा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली असं मानतात. देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. लेकीला इथे एक काम दे: किती भाषा कानावर पडतात ते मोजायचं. मराठी, कन्नड, तेलुगू, आणि बाहेर फुलवाल्याशी बोलताना दखनी उर्दू. सोलापूरचा माणूस एका वाक्यात दोन भाषा बदलतो आणि त्याला ते कळतही नाही. देवळाला लागूनच भुईकोट किल्ला आहे, बहामनी काळातला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. आत बाग आहे. आजी-आजोबांनी बागेत बाकावर बसायचं, पोरांनी बुरुजावर पळायचं. अर्धा तास पुरे.

मग नाश्ता, आणि त्यानंतर गिरण्यांची फेरी. पायी फिरायचं अजिबात मनात आणू नकोस. मी ओळखीची सहा-सात जणांची गाडी करून ठेवते, आणि पुढच्या सीटवर सासऱ्यांना बसवायचं. रस्ता त्यांनी सांगायचा. चुकला तर चुकू दे. तुझ्या नवऱ्याला मोबाइलवर नकाशा लावू देऊ नकोस. गिरण्यांच्या जागा कुठे मोकळ्या पडल्यात, कुठे काही नवीन उभं राहतंय, जागांचे वाद आहेत, दारांवर पहारेकरी असतात. आत शिरायचा आग्रह धरू नका, भिंतीही धोकादायक झाल्यात. फाटकासमोर गाडी थांबवा आणि त्यांना उतरू दे. त्यांच्या मागे लगेच सगळे उतरू नका. मग चाळीकडे. जुनी माणसं भेटली तर बघ, तासभर तिथेच जाईल. तू घड्याळ बघू नकोस. कुणी भेटलं नाही, खोली पाडून इमारत झालेली निघाली, तर ते गप्प होतील. तेव्हा काही समजावायला जाऊ नकोस. सासूबाई बरोबर असतील, त्यांना कळतं त्या वेळी काय करायचं ते.

दुपारी एक ते चार सगळ्यांनी झोपायचं. सक्तीनं. पोरांना हवं तर खोलीत पत्ते. सोलापुरात दुपारी हिवाळ्यातसुद्धा ऊन बोचतं, आणि सकाळी मन हललेल्या माणसाला अंथरुणाला पाठ टेकू द्यावी लागते.

संध्याकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आदल्या वर्षी मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, इंग्रजांचा अंमल काही दिवस इथे उरलाच नाही, आणि मग १२ मे १९३० ला मार्शल लॉ पुकारला. ज्या गाडीनं तुम्ही येणार ती 'हुतात्मा' याच चौघांच्या नावाची, हे लेकीला पुतळ्यांसमोर सांग, गाडीत सांगू नकोस. चौघांची नावं एकदा मोठ्यानं वाचायला लाव. कुठल्या कुठल्या घरांतून ती माणसं आली होती हे नावांतूनच दिसतं, आणि हे गाव कशानं बनलंय तेही. तिथून इंद्रभुवन बघा, आप्पासाहेब वारदांनी बांधलेली देखणी इमारत, आता महापालिकेची. मग पार्कच्या चौपाटीवर खाणं. आई आणि सासूबाई दमल्या असतील तर त्यांना माझ्याकडे सोड, मी मऊ खिचडी करते.

रविवारी देवळाचं पथक अक्कलकोटला गेलं की तू, सासरे आणि पोरं माग बघायला जा. माझ्या मते सगळ्या सहलीत पोरांना सगळ्यात जास्त हेच आवडेल. गिरण्या गेल्या, माग गेले नाहीत. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आजही यंत्रमाग चालतात; तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा धरून ठेवलाय. रविवारी सगळे माग चालू असतातच असं नाही, म्हणून मी आधीच विचारून ठेवीन. चादरीच्या दुकानदारांचे बरेचदा स्वतःचे माग असतात, नीट विचारलं तर आनंदानं दाखवतात. आत शिरण्याआधी काळजी घे. आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सासऱ्यांना श्रवणयंत्र बाहेरच काढून ठेवायला सांग, धाकट्याच्या कानात बोळे घाल. ओढणी कमरेला घट्ट बांध, लेकीची वेणी वर घे. फिरत्या पट्ट्यात कपडा अडकायला क्षण लागत नाही. हवेत कापसाचे बारीक तंतू असतात आणि आईला दमा आहे, तेव्हा ती अक्कलकोटला गेलेली बरी. गिरणीत जन्म काढलेल्या कितीतरी माणसांच्या छातीत हेच तंतू जाऊन बसले. सासऱ्यांचे वडील शेवटी का खोकायचे, ते त्या शेडमध्ये उभं राहिल्यावर पोरांना न सांगता समजेल.

लेकीला जॅकार्ड दाखव. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेले पुठ्ठे एकमेकांना शिवून लावलेले असतात. जिथे भोक असेल तिथे दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो, आणि अशी ओळीमागून ओळ विणत नक्षी उमटते. जोसेफ जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली, आणि पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली. तुझी लेक शाळेत कोडिंग शिकते ना? तिला म्हणावं, हे बघ, होय आणि नाही यांवर चालणारं यंत्र, तुझ्या पणजोबांच्या गावात. नवीन मागांवर आता पुठ्ठ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड येतंय, दोन्ही बघायला मिळाले तर फारच छान.

चादर घेताना दोन्ही बाजू उलटून बघ. खरी सोलापुरी चादर दोन्हीकडून सारखीच नेटकी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. हाताला सुती आणि जड लागली पाहिजे. बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून सर्रास खपतो, म्हणून स्टेशनबाहेर घाईत घेऊ नकोस. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. दुकानदाराला माग कुठला, हे सरळ विचार, खरा माणूस लगेच सांगतो. पहिली धुणी वेगळी कर, रंग जातो. आणि हो, चादरींचे पैसे सासऱ्यांना देऊ दे. तुझा नवरा पाकीट काढेल, त्याला तू डोळ्यांनी थांबव. हॉटेल, गाडी, तिकिटं हे सगळं तुम्ही करा, पण नातवंडांना सोलापूरची चादर त्यांनीच घ्यायची आहे. मला ते आत्ताच दिसतंय.

वेळ उरला तर भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, तिथे स्मारक केलंय. १९१० मध्ये या घरात जन्मलेला मुलगा डॉक्टर होऊन १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींची सेवा करत तिथेच राहिला, आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथेच गेला. त्यांच्यावरचा व्ही. शांतारामांचा सिनेमा आईला पक्का आठवत असेल. धाकटा कंटाळला तर केगावला विज्ञान केंद्र आहे, हात लावून बघायची खेळणी असतात. नान्नजच्या माळरानाचं नाव कुणी काढलं तर माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो आता दुर्मीळ झालाय, काळवीट दिसतात. पण या वेळी ते राहू दे.

खाण्याबद्दल मी किती बोलू! कडक भाकरी मिळेल तिथे खा, पण सासऱ्यांच्या कवळीला ती चालणार नाही. त्यांना आमटीत कुस्करून दे, नाहीतर गरम मऊ भाकरी मागून घे. शेंगाचटणी कुटलेलीच घ्यायची, बोटाला तेल लागलं पाहिजे. पोरांना तिखट लागेल, दही जवळ ठेव. शेंगापोळी परतीच्या प्रवासासाठी बांधून घे, ती दोन-चार दिवस सहज टिकते. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांच्यापुढे डबा उघडा ठेवून 'एक घ्या हो' म्हणत बसू नकोस. अर्धी मोडून दे, म्हणजे त्यांना मागावीही लागणार नाही आणि नको म्हणावंही लागणार नाही. औषधांची चिठ्ठी पर्समध्ये ठेव. तशीच वेळ आली तर घाबरायचं कारण नाही, आसपासच्या तालुक्यांतून लोक उपचाराला इथेच येतात.

रविवारचं जेवण माझ्याकडे. हुरडा, ताक, वांग्याची भाजी, भाकरी. आणि तू त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस, मी आत्ताच बजावून ठेवते. तुला ओळखते मी. प्रत्येकाच्या पाण्याची बाटली तुझ्या खांद्यावर, प्रत्येकाची गोळी तुझ्या लक्षात, आणि परत आल्यावर दोन दिवस डोकं धरून पडून राहशील. तसं करायचं नाही. आत्ताच कामं वाटून टाक. तिकिटं आणि हॉटेल नवऱ्याकडे. आजोबांच्या गोळ्या आणि चष्मा लेकीकडे, ती चोख करते. धाकट्याची अंघोळ आजीकडे, त्या दोघांनाही ते आवडतं. शनिवारी दुपारी सगळे झोपले की तू एकटी माझ्याकडे ये, रिक्षानं दहा मिनिटं लागतात. किती महिन्यांत आपण दोघी निवांत बसलो नाही.

आता नवऱ्याशी वाद घालू नकोस. नुसतं म्हण, बाबांना तिकडे जायचंय, महाबळेश्वर उन्हाळ्यात करू. तो ऐकेल, त्याचंही बालपण इथे सुट्ट्यांत गेलंय, काकांच्या मांडीवर. तारीख नक्की झाली की लगेच कळव; हुतात्माची तिकिटं सणावाराला पटकन संपतात, आणि मला मागवाल्याला सांगून रविवारी माग चालू ठेवून घ्यायचाय.